घाटाखालचा गुरुवार

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी म्हणजे अनेक कारखान्यांत गुरुवार. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर उरलेल्या सहा दिवसांवर विजेचा भार येतो, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक क्षेत्रांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले. त्या वाटणीत भोसरी आणि आसपासच्या भागाला गुरुवार आला. काही मोठ्या कंपन्यांनी रविवार राखला, पण लहान वर्कशॉप आणि त्यांना माल पुरवणारे यांचा वार गुरुवारच राहिला. गुरुवारी मुले शाळेत असतात, नातेवाइकांची कचेरी चालू असते, लग्नकार्ये आणि बारशी तर हमखास रविवारी. अशा दिवशी मोकळा सापडतो तो आपल्याच शॉपमधला, आपल्याच शिफ्टचा मित्र. त्यामुळे इथल्या कामगाराच्या सहली बऱ्याचदा घरच्यांपेक्षा दोस्तांच्या झाल्या. समुद्रावर गेले तर पुळण रिकामी, खोलीचा भाव उतरलेला आणि पंगतीला घाई नाही.

सायकलीवरून घाट उतरायचा, समुद्र गाठायचा, मधला एक पूर्ण दिवस तिथे निवांत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी घाट चढून परतायचे, अशी ही तीन दिवसांची सहल आहे. सायकलीवर जाणारा एका दिवसात समुद्रावर पोचतो, पण त्याच दिवशी परत येऊ शकत नाही. मधला विसाव्याचा दिवस त्याला शरीरासाठीच लागतो. तो दिवस कामगाराच्या हाती कसा आला, ही या प्रघातामागची खरी गोष्ट आहे.

सायकल या पट्ट्यात आली ती कामासाठी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुढे देहूरोडला लष्करी डेपो उभे राहिले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६० च्या दशकात आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवडला टेल्को आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर चिंचवड-भोसरीच्या माळावर प्लॉट पडू लागले. आसपासच्या गावांतून आणि पुण्याच्या पेठांतून येणाऱ्या माणसांना परवडणारे वाहन सायकल हेच होते. शिफ्ट सुटल्यावर गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरवर गुंडाळलेला रेनकोट, दांडीवर कधी मुलगा, मागे डबलसीट मित्र. आकुर्डीत स्कूटर बांधल्या जात होत्या, पण स्कूटर घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या बांधणारे कितीतरी हात घरी जाताना पॅडलच मारत होते.

त्या काळच्या सायकली काळ्या, जड आणि बिनगिअरच्या. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हंबर, बीएसए अशा विलायती सायकलींचा मान होता. स्वातंत्र्यानंतर मद्रासची हर्क्युलिस, सोनीपतची अॅटलस आणि लुधियानाची हिरो यांनी बाजार भरून टाकला. अनेक गावांत नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला देई. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडत. ज्यांची स्वतःची सायकल नसे ते तासाच्या भाड्याने घेत. दुकानदार रिमचा आउट काढून देई, फ्रीव्हीलमध्ये तेल सोडी, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठे येतात ते पाही आणि तिथे सोल्यूशन लावून ठिगळ बसवी. लांबच्या सहलीला निघणाऱ्याला एवढी विद्या अंगात मुरवून घ्यावीच लागे, कारण समुद्राच्या वाटेवर, माणगावच्या अलीकडच्या रानात, ठिगळ लावायला दुसरे कोणी नसते.

सायकल लांब पल्ल्याला चालते, हे महाराष्ट्राला आधीच ठाऊक झाले होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या काही पारशी तरुणांनी पृथ्वीप्रदक्षिणेसाठी सायकलीवर टांग मारली. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने बोरघाटाचे नाव सायकलवाल्यांच्या तोंडी बसवले. त्या शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि कामगार वस्त्यांत या किताबाला फार मान होता.

अंगात बळ आणि हाताशी सायकल असली तरी सुट्टी नसेल तर समुद्र दूरच राहतो. आठवड्याच्या सुट्टीचे श्रेय मराठी माणूस नारायण मेघाजी लोखंडे यांना देतो, आणि ते योग्यच आहे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ‘दीनबंधू’ पत्रातून आणि सभांतून केलेल्या मागणीला यश येऊन १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी शिरली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ती पक्की केली. रविवारऐवजी त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतला एखादा दिवस सुट्टीचा धरण्याची सोयही त्यात ठेवली. गुरुवार रविवारच्या बरोबर तीन दिवस आधी येतो.

मात्र सायकल सहलीच्या दृष्टीने त्या कायद्यातले भरपगारी रजेचे कलम अधिक मोलाचे. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, असा त्या कायद्याचा हिशेब होता. बुधवारी रजा, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी रजा अशी सांगड घातली की दोन रजांत तीन दिवस मिळतात. फ्रान्समध्ये हेच एका उन्हाळ्यात घडले. जून १९३६ च्या कायद्याने तिथल्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि हजारो जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या सायकलींवर समुद्राकडे निघाली. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. इंग्लंडात त्याआधी, १८९४ मध्ये, समाजवादी कामगारांनी क्लॅरियन सायकल क्लब काढला होता. पिंपरी-चिंचवडमध्ये असा एकच गाजलेला उन्हाळा नाही. इथे रजा हळूहळू साठत गेली, युनियनच्या करारांतून वाढत गेली, आणि मित्रांची टोळकी गुपचूप घाट उतरत राहिली.

घाटमाथा आणि समुद्र यांचे नाते कारखान्यांपेक्षा फार जुने. निगडीहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगालाच कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चौल, कल्याण, सोपारा या बंदरांतून वर येणारा माल याच वाटांनी चढत होता, आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. चाकणही जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरची पेठ. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तिथला संग्रामदुर्ग शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध पन्नासहून अधिक दिवस लढवला. आज चाकणची ओळख मोटारी आणि कांद्याची बाजारपेठ अशी आहे. योगायोग असा की याच सहलीच्या दुसऱ्या टोकाला, अलिबागजवळ, रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात.

१८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. रेल्वेला तोच घाट ओलांडायला १८६३ उजाडले आणि त्यासाठी सदतीसास एक इतका तीव्र चढ स्वीकारावा लागला. सायकलवाल्याला या भूगोलाचे मर्म पायांतून कळते. निगडी ते लोणावळा सुमारे चाळीस किलोमीटर, पण उंची फारशी वाढत नाही. पिंपरी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आणि लोणावळा सहाशेच्या आसपास. ही सगळी उंची खंडाळा ते खोपोली या थोडक्या अंतरात एकदम खाली जाते. जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलीला हा उतार जीवघेणा होता. रबरी गट्टे तापून घासले जात, म्हणून जाणती माणसे वळणावळणाला थांबत, रिमला हात लावून पाहत आणि तीव्र उतारावर उतरून चालत. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, अशी लोकांची श्रद्धा. येणारे-जाणारे तिथे नाणे टाकून पुढे जातात, सायकलवालेही.

२००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलला मज्जाव आहे. जुना रस्ता त्यामुळे काहीसा मोकळा झाला, पण घाटात थोड्या अंतरावर दोन्ही वाहतुकी एकत्र येतात आणि तिथे सायकलवाल्याचा जीव मुठीत असतो. तिथला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. घाट उतरल्यावर खोपोली, मग पेण. पेणच्या गल्ल्यांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आणि पुढे खाडीकाठचा खारेपाट. पेण-वडखळ हा मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा. त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून जास्त रेंगाळले. इतकी वर्षे तिथल्या धुळीने किती घसे बसले त्याचा हिशेब नाही. वडखळहून पोयनाडमार्गे शेवटची चढण कार्ले खिंडीची. ती उतरली की अलिबाग. निगडीपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर झालेले असतात.

दुसरी वाट ताम्हिणीची. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, माणगाव आणि तिथून दिवेआगर किंवा श्रीवर्धन. अंतर दीडशेच्या पुढे, पण रान दाट आणि मोठी वाहने कमी. मुळशीच्या जलाशयाकाठी थांबणाऱ्याने १९२१ मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा आणि सेनापती बापटांचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह जरूर आठवावा. ज्या पाण्यावर डोळे निवतात त्याच्या तळाशी गावे आहेत.

मुक्काम ठरवताना अलिबागला पसंती मिळते ती जवळ म्हणून, आणि दिवेआगरला पसंती मिळते ती शांत म्हणून. १९९७ मध्ये दिवेआगरच्या एका बागेत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि त्या खेड्याकडे भाविकांची रीघ लागली. घरोघरी ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या लागल्या. २०१२ मध्ये तो गणपती चोरीला गेला, पण पाट्या आणि पाहुणचार टिकून राहिले. या घरगुती खोल्यांनी सायकलवाल्यांची मोठी सोय केली आहे. हॉटेलात सायकल खोलीत नेऊ देत नाहीत. वाडीतल्या घरी ती पडवीत, माणसाशेजारी राहते.

विसाव्याच्या दिवशी पहिल्या शिफ्टची सवय असलेल्या माणसाला पहाटेच जाग येते. मांड्या भरून आलेल्या, तळहातांना हँडलचे वळ. त्या वेळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला मतलई वारा म्हणतात. दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा येतो. आदल्या दिवशी शेवटचे पंचवीस किलोमीटर जड का गेले, याचे उत्तर या वाऱ्यातच आहे: पश्चिमेकडे जाणाऱ्याला दुपारनंतर तो समोरून येतो. म्हणून जुने लोक पहाटे तीन-चारला निगडी सोडत.

दिवसाचा बेत घड्याळावर बसत नाही, भरती-ओहोटीवर बसतो. किनाऱ्यावरची माणसे त्यासाठी एक सोपे गणित वापरतात: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणून ओहोटी बाराच्या सुमारास. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर अशी अष्टमी गाठावी. पौर्णिमेला मात्र सव्वाअकराला पाणी चढलेले असते आणि किल्ल्याची वाट सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच उघडते. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात काम सुरू झालेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे बनलेला हा किल्ला चहूबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेला, तरी आतल्या विहिरीचे पाणी गोडे आहे. कंपनीत दर मिनिटाला किती नग निघाले ते मोजणाऱ्या माणसाला पंचांगातली तिथी मोजून चालण्याचा हा दिवस वेगळाच विसावा देतो.

ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावर सायकल सहज चालते. तीन-चार मित्र ओळीने पाण्याच्या कडेने जातात, मागे चाकांच्या रेघा उमटतात आणि दुसऱ्या भरतीला पुसल्या जातात. कोणाला हुरूप असेल तर अलिबागच्या दक्षिणेला आक्षीपर्यंत चक्कर होते. तिथे शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. पुढे चौल आणि रेवदंडा. चौल हे परदेशी खलाशांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत असलेले बंदर. पण विसाव्याचा दिवस ठिकाणे मोजत फिरण्यात घालवणे ही चूक. सुरूच्या सावलीत चादर टाकून पडणे, पत्त्यांचा डाव, कोणाच्या तरी बदलीची आणि कोणाच्या मुलीच्या ॲडमिशनची बोलणी, यासाठीच हा दिवस असतो. मशीनच्या आवाजात वर्षभर शेजारी उभी राहिलेली माणसे इथे पहिल्यांदा हळू आवाजात बोलतात.

जेवणात गुरुवार आडवा येतो. अनेक मराठी घरांत गुरुवार दत्ताचा, साईबाबांचा. त्या दिवशी मासे चालत नाहीत. सायकलीचा हंगाम दिवाळीनंतर थंडीत, आणि त्यातच मार्गशीर्षातले लक्ष्मीचे गुरुवार येतात. म्हणून एकाच पंगतीत अर्ध्यांच्या पानात तळलेली सुरमई आणि अर्ध्यांच्या पानात वालाचे बिरडे, उकडीचे मोदक. सोलकढी मात्र सगळ्यांना. मत्स्यप्रेमी मंडळी आदल्या संध्याकाळीच, बुधवारी, उरकून घेतात.

समुद्राची भीती बाळगणे घाटावरच्या माणसाला शिकावे लागते. पवना-इंद्रायणीत पोहलेल्याला वाटते की पाणी ते पाणी. पण ओहोटीचे पाणी आत ओढते आणि चढती भरती मागची वाट बंद करते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून किनाऱ्यावर नेणारा प्रत्येक जाणता माणूस आधी तिथी पाहतो, स्थानिकांना विचारतो आणि कमरेच्या पुढे कोणाला जाऊ देत नाही.

चाकणचा काळ आला तशी या सहलीची माणसे बदलली. १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि त्यानंतर महिंद्राचा कारखाना तिथे सुरू झाला. २००७ मध्ये आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन थांबले. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. तोवर लुना, मग स्कूटर, मग मोटारसायकल यांनी गेटवरचा सायकल स्टँड रिकामा केला. कामगाराची सायकल गेली आणि तिच्या जागी इंजिनिअरची गिअरची सायकल आली: हलकी फ्रेम, डिस्क ब्रेक, डोक्याला हेल्मेट. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या सायकलफेऱ्या, सुरू झाल्या; त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात. पुण्याहून गोव्याच्या बोगमाळो किनाऱ्यापर्यंतची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सहाशेहून जास्त किलोमीटरची शर्यतही समुद्रावरच संपते. या सगळ्यांचे कष्ट थोर आहेत. तरी समुद्रावर पोचून वेळेची नोंद करणे आणि समुद्रावर पोचून एक दिवस तिथेच पडून राहणे, यांतला दुसरा प्रकार जपण्यासारखा आहे, कारण तो मित्रांशिवाय होत नाही.

चाकणच्या लाइनवर धाराशिव, नांदेड, यवतमाळकडून आलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांच्यातला जो कंत्राटावर आहे त्याच्या हाती सलग तीन दिवस क्वचितच लागतात. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. लोखंड्यांनी मिळवलेली आठवड्याची सुट्टी त्याला आहे, पण समुद्रापर्यंत पोचवणारी जोडून पगारी रजा त्याला सहजी मिळत नाही. त्याचा गुरुवार कपडे धुण्यात आणि झोपेत जातो.

परतीची तयारी गुरुवारी संध्याकाळीच सुरू होते. वाळूवर फिरवलेली सायकल आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायची, चेनच्या प्रत्येक कडीतली वाळू जुन्या टूथब्रशने काढायची, फडक्याने कोरडी करून तेल सोडायचे. हे राहिले तर मीठ दोन दिवसांत गंज धरते. जुन्या काळी दमलेली माणसे सायकल एसटीच्या टपावर टाकून, तिचे वेगळे तिकीट काढून परतत. आता टपावर वाहतूक होत नाही, म्हणून टेम्पो सांगतात. घाट चढूनच जायचे ठरवलेले लोक शुक्रवारी पहाटे निघतात, ऊन चढायच्या आत खोपोली गाठतात आणि तिथे मिसळ-पाव खाऊन चढाला लागतात. बिनगिअरच्या सायकलीवर निम्मा घाट हातात हँडल धरून चालत जातो. शिंगरोबापाशी पाणी पितात, नाणे टाकतात. लोणावळ्यानंतर रस्ता सपाट आहे.